रविवारी माईक मुका झाला तर: चर्चच्या साउंड टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

“तुला मोबाइलमधलं सगळं कळतं ना, मग साउंडचंही तूच बघ.” पंचांच्या बैठकीतल्या या एका वाक्याने ज्यांच्या गळ्यात चर्चच्या माईक-स्पीकरचं काम पडलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या नाशिकमध्ये तरी बऱ्याच मंडळ्यांत हे काम असंच मिळतं. आधी बसणारा मुलगा नोकरीला पुण्याला जातो आणि कपाटाची किल्ली आपल्या हातात येते. कुठली वायर कुठून कुठे जाते हे फक्त त्याच्या डोक्यात असतं, आणि ते डोकं आता हिंजवडीत असतं.

मी एका जुन्या दगडी चर्चमध्ये दहा-बारा वर्षं हे टेबल सांभाळलं. माझी सगळ्यात महाग चूक पहिल्याच वर्षातली. आवाज मध्येच जातो म्हणून ॲम्प्लिफायर दुरुस्तीला टाकला, तीन रविवार भाड्याचा आणला, खजिनदारांची बोलणी खाल्ली. दोष निघाला जमिनीवरच्या एका वायरीत. दर आठवड्याला तिच्यावरून खुर्च्यांची रांग सरकत होती. तेव्हापासून यंत्राला नावं ठेवण्याआधी मी आवाज कुठपर्यंत पोचतोय ते शोधतो. पुढे जे लिहिलंय त्यातलं बहुतेक या एकाच कामाबद्दल आहे.

पहिली पायरी: उपासना थांबू द्यायची नाही

शास्त्रवाचन चालू असताना माईक गेला की सगळी मंडळी मान वळवून मागे बघते. त्या वेळी हाताला लागेल ते बटण दाबायचा मोह होतो. तो टाळा. आधी मिक्सरवरच्या मास्टरचा, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा, आवाज खाली घ्या, नाहीतर माईक अचानक परत जिवंत झाला की जो धाडकन आवाज येतो त्याने पुढच्या बाकावरच्या आजीबाई दचकतात.

पुलपीटच्या पायाशी वायरचा एक साधा डायनॅमिक माईक कायम जोडून ठेवा. त्याला सेल लागत नाही, फ्रिक्वेन्सी लागत नाही, काहीच लागत नाही. मिक्सरवर (सगळे माईक जिथे येऊन मिळतात ती बटणांची पेटी) त्याचा चॅनेल, म्हणजे त्याची बटणांची रांग, ठरलेली असावी आणि त्यावर रंगीत टेप चिकटवलेली असावी. पाळकसाहेबांशी एक खूण आधीच ठरवा. आमच्याकडे मी उभा राहून हात वर केला की साहेब काही न बोलता तो माईक उचलायचे. दहा सेकंदांत काम पुढे सुरू.

सगळंच बंद पडलं तर? जुन्या दगडी चर्चमध्ये घाबरायचं कारण नाही. ती इमारत लाउडस्पीकर यायच्या आधीची आहे, बोलणाऱ्याचा आवाज भिंतींनीच शेवटच्या बाकापर्यंत न्यावा अशीच बांधलेली. फक्त बोलणाऱ्याने पुढे यायचं आणि सावकाश, शब्द सुटे करून बोलायचं, कारण उंच छताखाली आवाज घुमतो आणि घाईतले शब्द एकमेकांवर चढतात. पेटी-तबल्यावरच्या भजनाला तर माईक नसला तरी चालतं. पत्र्याच्या नव्या हॉलची गोष्ट वेगळी. जुलैच्या पावसात पत्र्यावर सर आली की माईक असूनही ऐकू येत नाही. तिथे चार्ज केलेला एक ट्रॉली स्पीकर हाताशी हवा. “चार्ज केलेला” हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. आमचा ट्रॉली स्पीकर पहिल्यांदा लागला तेव्हा सहा महिने कपाटात उपाशी पडलेला होता.

आणि दुरुस्तीला एकानेच उठायचं. तिघे जण तीन वायरी हलवू लागले की नेमकं काय केल्याने चालू झालं ते कधीच कळत नाही.

दुसरी पायरी: आवाज कुठपर्यंत येतोय?

आवाजाचा रस्ता असा: तोंड, माईक, वायर किंवा कॉर्डलेसचा रिसीव्हर, मिक्सर, ॲम्प, स्पीकर. काही ठिकाणी ॲम्प स्पीकरच्या पोटातच असतो, तेवढाच फरक. शोध सुरुवातीपासून घेऊ नका, मधून घ्या. मिक्सर मधे आहे आणि त्यावर दिवे आहेत.

कुणाला तरी माईकमध्ये बोलत राहायला सांगा आणि त्या चॅनेलचा छोटा हिरवा दिवा बघा. दिवा बोलण्याबरोबर लुकलुकतोय, तर आवाज मिक्सरपर्यंत आलाय. माईक चांगला, वायर चांगली, दोष पुढे आहे. दिवा मेलेला असेल तर दोष मागे आहे. दिवा नसलेल्या मिक्सरवर हेडफोन लावून पीएफएल किंवा क्यू लिहिलेलं बटण दाबा, तोच चॅनेल कानात ऐकू येतो.

दोष पुढे असेल तर आधी लाजिरवाणी कारणं तपासा. म्यूटचं बटण दाबलेलं असतं. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली असतो. चॅनेल मेनला पाठवायचं बटण संडे स्कूलच्या कार्यक्रमात कुणीतरी वर केलेलं असतं. मास्टर, जो तुम्हीच मघाशी खाली घेतला होता. मग ॲम्पकडे जा: चालू आहे का, प्रोटेक्ट लिहिलेला लाल दिवा लागलाय का? तो दिवा म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवतोय, एकतर तापलाय किंवा स्पीकरची वायर कुठेतरी एकमेकींना चिकटलीये.

दोनपैकी एकच स्पीकर मुका असेल तर सोपी चाचणी आहे. ॲम्प बंद करा, मागच्या स्पीकरला जाणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा, पुन्हा चालू करा. मुका स्पीकर तोच राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर ॲम्पचा तो चॅनेल किंवा त्याला येणारा सिग्नल गेलाय. या एका चाचणीने दुरुस्तीवाल्याकडे नेमकी वस्तू जाते. मी ती केली असती तर ते तीन रविवार वाचले असते.

दोष मागे असेल तर अदलाबदलच करायची, पण एका वेळी एकच गोष्ट. चालणारा माईक त्याच वायरीला लावून बघा. मग चालणारी वायर त्याच माईकला. मग तीच जोडी शेजारच्या चॅनेलला. यात खरंच पाच मिनिटं जात नाहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मात्र रविवार दुपार गेली म्हणून समजा.

वायरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मी पाहिलेल्या दोषांपैकी सगळ्यात जास्त तिथलेच. माईकच्या एक्सएलआर पिनेत तीन काड्या असतात: १ नंबरची शिल्डची, २ आणि ३ आवाजाच्या. तुटतं ते जवळजवळ नेहमी पिनेच्या तोंडाशी, डाखाजवळ. वायर मिक्सरला लावून पिनेजवळ हलकेच वाकवा. खरखर आली किंवा आवाज येऊन गेला तर तीच. मल्टिमीटर बीपवर ठेवून १ ला १, २ ला २, ३ ला ३ तपासता येतं. डाख द्यायला शिका, एक सोल्डरिंग गन आणि थोडा सराव एवढंच लागतं. आमच्याकडे सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या एका काकांनी तरुण संघातल्या चौघांना एका शनिवारी शिकवलं. त्या दिवसापासून वायरीसाठी बाहेर पैसे गेले नाहीत. वायर कोपराला गुंडाळून ठेवू नका, आतले तार पिळून तुटतात. मोठे सैल वेढे घ्या आणि जुन्या बुटाच्या नाडीने बांधा.

सेलचा मुद्दा गमतीचा वाटतो, पण त्याने भल्याभल्यांची फजिती केली आहे. गुड फ्रायडेची उपासना आमच्याकडे दुपारी १२ ते ३, सात उद्गार, सात वक्ते. चौथ्या उद्गाराच्या सुमारास कॉर्डलेस माईक दम तोडतो. भिंतीवरच्या घड्याळात चालणारे साधे पेन्सिल सेल माईकला पुरत नाहीत. पाकिटावर अल्कलाइन लिहिलेले घ्या, बाराच्या आधी नवे घाला आणि तिसऱ्या-चौथ्या वक्त्याच्या मधल्या गाण्यात सरळ बदला, दिवा हिरवा दिसत असला तरी. उपासना संपली की सेल बाहेर काढा. गळलेल्या सेलने खाल्लेल्या स्प्रिंगा हे चर्चच्या कपाटातलं नेहमीचं दृश्य आहे.

कॉर्डलेसच्या बाकी तक्रारींपैकी निम्म्या रिसीव्हर लोखंडी कपाटात ठेवल्याने येतात. तो बाहेर, उंचावर, बोलणाऱ्याला दिसेल असा ठेवा आणि अँटेना उभ्या करा. दोन माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर चालवू नका. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकला गेला. तुमच्या जुन्या माईकवर ७०३ ते ७४८ किंवा ७५८ ते ८०३ यांमधला आकडा असेल आणि हल्ली तो कारण नसताना फुसफुसत असेल, तर माईक म्हातारा झाला नसून त्याच्या रस्त्यावर रहदारी आली आहे. फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर बदला, नसेल तर त्याच्या दुरुस्तीवर खर्च करू नका.

गायक मंडळासमोरचे किंवा पुलपीटवरचे हंसाच्या मानेसारखे माईक कंडेन्सर जातीचे असतात. त्यांना मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो बंद असला की माईक मेल्यासारखा वाटतो आणि लोक नवा घेऊन येतात. फँटम चालू-बंद करताना फेडर खाली असू द्या.

शिट्टी, घूं आणि करकर

मुका माईक परवडला, बोलणारं भूत नको. विचित्र आवाज तीन जातींचे असतात आणि तिघांची औषधं वेगळी.

शिट्टी म्हणजे स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतोय. माईक स्पीकरच्या पुढे आला, किंवा फार मोठा केला, किंवा तरुणांनी सिनेमातल्यासारखी त्याची जाळी मुठीत धरली, की ती येते. स्पीकर पुढे, माईक मागे. तोंड माईकपासून चार बोटांवर. बोलत नसलेले माईक बंद, कारण चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न येता मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. गाणं संपल्यावर गायक मंडळाचे सहाही माईक उपदेशभर उघडे ठेवणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. पाळकांचा कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, झग्याच्या आत नाही, बाहेर. आणि साहेब वेस्ट्रीत गेले की तो चॅनेल म्यूट करा. का ते एकदा अनुभवाल तेव्हा कळेल.

घूं म्हणजे सतत, खालच्या पट्टीत गुणगुणणारा आवाज. आपली वीज ५० हर्ट्झची, तोच हा सूर. गाणी लावायच्या लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत. मिक्सर, ॲम्प आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून चालवा. तरी राहिला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेटर लावा, आवाज जाऊ देणारी पण अर्थिंगची वाट तोडणारी ती छोटी डबी असते. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणं. घूं जाते हे खरं, पण त्यानंतर ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज जायला रस्ता उरतो तो माईकच्या धातूतून, ओठ टेकवलेल्या माणसातून. असा प्लग कपाटात सापडला तर त्याच दिवशी बदला.

करकर बटण फिरवताना येत असेल तर आत धूळ बसली आहे. यंत्र बंद करून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा फिरवा. शिलाई मशीनचं तेल नाही, गंज काढायचा स्प्रेही नाही. त्यावर पुढच्या महिन्यात आणखी धूळ चिकटते.

तिसरी पायरी: जिथे हात लावायचा नाही

बोर्डाच्या आतलं काम वायरमनचं, तेही लायसन्स असलेल्या. ॲम्प उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही वेळ चटका द्यायला पुरेसे भरलेले असतात. पण वायरमन आला की शेजारी उभे राहा आणि त्याला आकडे विचारा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं, पाचाच्या वर गेलं तर अर्थिंग बघायला लावा. उन्हाळ्यात आवारातला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतणं हे रखवालदाराच्या कामांच्या यादीत घाला.

एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बोर्डातलं बटण) पुन्हापुन्हा पडत असेल तर मोठा एमसीबी बसवणं हा उपाय नाही. वायर तीच राहते, फक्त आता एमसीबी पडण्याऐवजी ती जळते.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प भुणभुणत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. नवा घ्याल तेव्हा प्युअर साइन वेव्ह मागा. डिजिटल मिक्सर आणि कॉम्प्युटरला छोटा यूपीएस द्याच, क्षणभर वीज गेली तरी ते उठायला दोन-तीन मिनिटं घेतात, आणि ती मिनिटं नेमकी प्रभुभोजनाच्या वेळी येतात. चालू करताना ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना ॲम्प सगळ्यात आधी. मे महिन्यात वळवाचा पाऊस गडगडायला लागला की सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून वीज कोसळण्यापासून बचाव होत नाही.

चौथी पायरी: पडदा आणि त्यावरची अक्षरं

प्रोजेक्टर मध्येच बंद पडतो याचं पहिलं कारण फिल्टरमधली धूळ. बाजूची जाळी काढा, ब्रशने झटका, महिन्यातून एकदा. उपासना संपल्यावर थेट मेन बंद करू नका, रिमोटने बंद करून पंखा थांबेपर्यंत थांबा. चित्र पिवळट आणि अंधूक झालं असेल तर मेनूत दिव्याचे तास बघा. दिव्याच्या प्रोजेक्टरचं आयुष्य काही हजार तासांचं असतं, लेझरवाल्याचं साधारण वीस हजार. दिव्यात पारा असतो, फुटला तर खिडक्या उघडा आणि मुलांना बाहेर काढा.

“नो सिग्नल” दिसलं तर लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. तरी नाही तर एचडीएमआयची दुसरी, छोटी वायर लावून बघा. साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. टेबल मागे आणि प्रोजेक्टर पुढे असेल तर कॅट-६ वायरीवरचा एक्स्टेंडर किंवा ऑप्टिकल एचडीएमआय घ्या.

आता आपल्या भाषेचा खास आजार. गाण्यांच्या जुन्या फायली कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेल्या असतात. लॅपटॉप बदलला, त्यात तो फॉन्ट नाही, आणि पडद्यावर “प्रभू” च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाऊस. हा बिघाड यंत्राचा नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावून काही होत नाही. त्या रविवारपुरता उपाय: ज्या कॉम्प्युटरवर फाइल नीट दिसते तिथून पीडीएफ करून आणा, पीडीएफमध्ये अक्षरं सोबत येतात. कायमचा उपाय: सगळी गाणी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास नको. रफार भलत्या अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी उडी मारते, जोडाक्षरं फुटतात. महिला संघातल्या निवृत्त शिक्षिकांना छापील प्रत आणि लाल पेन द्या. आमच्या बाईंनी कन्व्हर्टरच्याच नव्हे, मूळ फायलीतल्याही चुका काढल्या, त्यातल्या काही आम्ही वर्षानुवर्षं गात होतो.

एका पडद्यावर चारच ओळी, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. गाणी दाखवायला ओपनएलपीसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात युनिकोड मराठी चालतं.

थेट प्रक्षेपणाबद्दल थोडक्यात. घरी बसलेल्या आजारी माणसाला चित्र अंधूक चालतं, आवाज अंधूक चालत नाही. म्हणून मोबाइलच्या स्वतःच्या माईकवर राहू नका, मिक्सरच्या ऑक्समधून (हॉलपेक्षा वेगळा आवाज बाहेर काढायची जागा) वेगळी वायर काढा. हॉलमध्ये पेटी आपोआप ऐकू येते, ऑक्समध्ये ती वेगळी वाढवावी लागते, नाहीतर दुबईतल्या नातेवाइकांना फक्त गायक ऐकू येतात. अपलोडचा वेग सहा-आठ एमबीपीएस नसेल तर चित्राचा दर्जा ७२० वर आणा. फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफाय चालू करा, उपदेशाच्या मधोमध कुणाच्या तरी मामाचा कॉल नको.

दिवे, आणि डिसेंबर

दिव्यांचं काम सोपं आहे. एलईडी पॅनेल लुकलुकायला लागलं की लोक अख्खं पॅनेल फेकतात. बहुतेकदा गेलेला असतो तो त्यामागचा ड्रायव्हर (पॅनेलला वीज पुरवणारी डबी), उष्णतेने वाळलेला, आणि तो पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्तात बदलता येतो. डोळ्यांना दिवा स्थिर दिसतो पण कॅमेऱ्यात पट्टे सरकतात, असं असेल तर कॅमेऱ्यात फ्लिकर ५० हर्ट्झ निवडा किंवा शटर १/५० ठेवा. रंगीत डीएमएक्स दिवे (एकाला एक वायरीने जोडून एका जागेवरून चालवायचे) लावले असतील आणि ते मनाला येईल तसे नाचत असतील, तर माईकच्या वायरी काढून डीएमएक्सच्या वायरी लावा आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे वायरीचं टोक बंद करणारा छोटा प्लग. दोन दिव्यांना एकच ॲड्रेस, म्हणजे दिव्याचा ओळख-नंबर, दिलेला नाही ना, तेही बघा.

डिसेंबरात मात्र लक्ष हवं. नाताळच्या सिरीज, चांदणी, गव्हाणीतला हॅलोजन, सगळं एका एक्स्टेंशनवर. हिशेब करा: ६ अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १३८० वॉट मिळतात. ५०० वॉटचे तीन हॅलोजन म्हणजे १५००. गव्हाणीत खरा पेंढा असतो हे विसरू नका. साउंडचा बोर्ड आणि रोषणाईचा बोर्ड वेगळा ठेवा, आवारातल्या रोषणाईला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारं बटण) असलाच पाहिजे, दव पडतं.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर लाउडस्पीकरची पोलीस परवानगी आधी काढा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, त्या दिवसांची यादी दरवर्षी जाहीर होते, ती बघून मगच वेळ छापा. रुग्णालय किंवा शाळा शंभर मीटरच्या आत असेल तर तो भाग शांतता विभाग म्हणून जाहीर झालेला असू शकतो, ते विचारून घ्या. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेलाही हेच लागू. आम्ही तिथे ढोलकी आणि झांजेवरच भागवतो आणि खरं सांगायचं तर तेच जास्त छान वाटतं.

दुरुस्त करावं, भाड्याने आणावं की नवं घ्यावं

पंचांपुढे हा प्रश्न येतो तेव्हा “साउंड खराब झालाय” एवढंच सांगू नका, नवीन सेट घेऊ यापर्यंत चर्चा जाते. काय, कधीपासून, कुठली चाचणी केली, हे लिहून न्या. दुरुस्तीवाल्याकडेही तेच: तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा आणि बदललेला भाग परत मागा. माझा साधा हिशेब असा: दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा महाग पडत असेल, किंवा एकच वस्तू वर्षात दोनदा गेली असेल, तर नवी. पण स्पीकर आणि वायरच्या माईकवर जीव लावा, ते पंचवीस वर्षंही चालतात. पैसे जातात ते कॉर्डलेसवर आणि प्रोजेक्टरवर.

जुन्या चर्चमधले भिंतीवरचे उंच कॉलम स्पीकर बहुधा १०० व्होल्ट लाइनचे, म्हणजे लांबच्या वायरीवर पुष्कळ स्पीकर जोडायच्या वेगळ्या पद्धतीचे, असतात. त्यांच्या जागी बाजारातून साधा ८ ओहमचा बॉक्स आणून त्याच टोकाला जोडू नका, बॉक्स तरी जातो नाहीतर ॲम्प. सगळ्या कॉलमच्या वॉटची बेरीज ॲम्पच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. आणि आवाज घुमतो म्हणून मोठा ॲम्प घेऊ नका. दगडी भिंतींना तो आणखी घुमवायला आवडतो. कॉलमचं तोंड लोकांकडे थोडं खाली वळवा आणि आवाज कमी करा. हा सल्ला फुकट आहे म्हणून कुणी ऐकत नाही.

भाड्याचा साउंड हवा असेल तर कॅलेंडर बघा. गणपती, नवरात्र, लग्नसराई आणि फेब्रुवारीत नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा, या दिवसांत साउंडवाले फोन उचलत नाहीत. दोन भाडेवाल्यांशी आधीच ओळख ठेवा, आणि शेजारच्या मंडळीच्या साउंडच्या मुलाशी तर नक्कीच. आमचा मिक्सर गेला तेव्हा देवळालीहून एका मुलाने स्कूटरवर मांडीत धरून त्यांचा आणला होता. आम्ही त्यांना पुढच्या वर्षी प्रोजेक्टर दिला.

शेवटची पायरी: कपाटाचं दार

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर मिक्सरच्या चॅनेलची यादी, चालू-बंद करायचा क्रम, वायरमन, दुरुस्तीवाला आणि भाडेवाल्याचे नंबर. जोडणीचे फोटो मोबाइलवर काढून तेही छापून लावा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. कपाटात एक वही, दोरीने पेन बांधलेली: तारीख, काय झालं, काय केलं. “२ नंबरची वायर, करकर, डाख दिला” एवढं पुरे.

कपाटात हेही असू द्या: दोन जास्तीच्या माईक वायरी, एक जास्तीचा वायरचा माईक, अल्कलाइन सेलचं न उघडलेलं पाकीट, ॲम्पच्या मापाचे फ्यूज, टेप, टॉर्च, मल्टिमीटर, छोटी एचडीएमआय. पावसाळ्यात माईकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. सॉकेटमध्ये मुंग्या आणि वायरी कुरतडणारे उंदीर यांची पाहणी दर दोन महिन्यांनी.

शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं जा. प्रत्येक माईकमध्ये बोला, “हॅलो, टेस्टिंग” नाही, उद्याचं शास्त्रवाचन वाचा, म्हणजे खऱ्या आवाजाला पट्टी लागते. उद्याची पहिली स्लाइड पडद्यावर आणून शेवटच्या बाकावरून वाचा. आणि आठवीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, दुसरी किल्ली करून घ्या आणि ती त्यांच्याकडे द्या. तुम्हालाही कधीतरी पुण्याला नोकरी लागेल.